प्रसेनजित मिस्त्री आणि केनवडची पिकअप

रिठदच्या फाट्यावर गॅरेज टाकून प्रसेनजितला सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्यानं कुणावर हात उगारला नव्हता. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण माणूस मुळात तापट. फौजेत सतरा वर्षं काढली, गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत. जबलपूरला असताना एका हवालदारानं त्याच्या आईवरून काहीतरी म्हटलं, तेव्हा हातातल्या पान्यानं त्यानं त्याचा जबडा निखळवला होता. त्यापायी बढती गेली ती गेलीच. पेन्शन घेऊन गावी आला, तेव्हा त्याच्या बायकोनं, सपनानं, पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं.

"इथी तुमच्यामागं पलटन नाई. तुमी एक हात उचलसान तं तिकून दहा उठतीन. अन् ते दहा नुसते तुमच्यावर नाई येनार, साऱ्या वस्तीवर येतीन."

प्रसेनजितनं ते मनावर घेतलं. गिऱ्हाइकानं तोंड सोडलं की तो खाली वाकून गाडीत डोकं घालायचा आणि काम करत राहायचा. पुढची चाकंही ओढणाऱ्या गाड्यांचं काम आसपास त्याच्याइतकं कुणालाच समजत नव्हतं. फौजेत तेच केलं होतं. म्हणून मालेगाव, रिसोड, पार मानोऱ्याच्या तांड्यावरून लोक गाड्या घेऊन त्याच्याकडे यायचे.

केनवडची ती पिकअपही तशीच आली. मार्च महिना होता. हळदीची काढणी सुरू होती. गाडी जानरावांची, चालवत होता त्यांचा मुलगा राजू, चोवीस वर्षांचा. जानराव म्हणजे केनवडचं जुनं शेतकरी घर, नाल्याकाठची काळी जमीन, दहा एकर हळद. माणूस बोलायला कमी, पण त्यांच्या शब्दाला गावात वजन. पोराचं तसं नव्हतं.

"ब्रेक दगडावानी झाला," राजू गाडीतून उतरता उतरता म्हणाला. "अन् फोर-व्हीलही कधी घेते, कधी नाई घेत. आजच्या आज करून दे."

प्रसेनजित त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता. तरी राजू त्याला अरेतुरेच करत असे. प्रसेनजितनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बॉनेट उघडलं.

त्या गाडीची रचना अशी होती: डायनामाच्या मागं एक पंप, तो सतत हवा ओढून घेतो. त्या ओढीला व्हॅक्यूम म्हणतात. एका जाड पाइपातून ही ओढ ब्रेकच्या बूस्टरला जाते, म्हणून पायानं हलकंसं दाबलं तरी भरलेली गाडी थांबते. त्याच जाड पाइपाला इंग्रजी टीच्या आकाराचा एक जोड, म्हणजे टी, बसवलेला असतो. त्यातून एक बारीक पाइप पुढच्या चाकांकडे जातो. डॅशबोर्डवरचं बटन दोनवरून चारवर फिरवलं की ती ओढ पुढची चाकं गुंतवते आणि गाडी चारही चाकांनी चिखल काढते. एकाच पंपावर दोन कामं. एकीकडे गळती झाली की दुसरीकडचा दम जातो.

प्रसेनजितनं ही ओढ मोजायचा आपला जुना गेज काढला. जबलपूरला असताना घेतलेला, पितळी बुडाचा. पाइपात मध्ये जोडून गाडी सुरू केली. काटा एकवीसवर उभा राहिला. मग त्यानं बटन चारवर फिरवलं. काटा घसरत घसरत सातच्याही खाली गेला.

"उजव्या चाकातला रबरी पडदा फाटेल हाय," तो म्हणाला. "तिथून सारी हवा आत येऊन राह्यली. हा पार्ट इथी भेटत नाई. अकोल्याहून मागवा लागंन, आठ दिवस धर."

"आठ दिवस? अन् वावरात गाडी कशी घालू? मागच्या आठवड्यात पानी पडून गेलं, सारा चिखल हाय."

"टॅक्टरनं ओढून काढा. ऐक राजू, मी हा बारीक पाइप टीवरून काढून त्याच्यात बोल्ट घालून क्लिप मारतो. अन् टीचं तोंडही बंद करतो. मंग ब्रेक एकदम टकाटक. पन फोर-व्हील नाई. पार्ट येईपर्यंत याले हात लावजो नको."

त्यानं तसं केलं. वर पांढरी टेप गुंडाळली, कुणाच्याही नजरेत यावी म्हणून. राजूला हे पटलं नाही. त्याला दोन्ही पाहिजे होतं. शेजारच्या चहाच्या टपरीवर चारपाच जण बसलेले होते, त्यांच्यासमोर तो प्रसेनजितला नाही नाही ते बोलला. शेवटी जातीवर आला. प्रसेनजितच्या हातात बत्तीसचा पाना होता. तो त्यानं बाकावर ठेवला आणि म्हणाला, "ब्रेक चालू झाला. जा आता."

टपरीवरच्यांनी हे भांडण पाहिलं. पुढं ते कामाला आलं, पण उलट्या बाजूनं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिकअप नाल्याकाठच्या वावरात रुतली. मागं ओल्या हळदीची पोती, चाकं अर्धी काळ्या मातीत. ट्रॅक्टर गावात दुसरीकडे गुंतलेला. राजूची आई विजयमालाबाई मजुरांना चहा द्यायला आल्या होत्या आणि घरी परतायला म्हणून गाडीत बसून राहिल्या होत्या. राजूनं दोनदा जोर लावला, चाकं जागच्या जागी फिरली. मग तो खाली उतरला, त्यानं बॉनेट उघडलं आणि काहीतरी खुडबुड केली. पाच मिनिटांत गाडी चारही चाकांनी गुरगुरत वर आली. मजुरांनी शिट्ट्या मारल्या.

बटन चारवर होतं, ते तसंच राहिलं.

वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सपाट जमीन होती. ब्रेक लावायची वेळच आली नाही. त्यानंतर उतार, खाली नाल्यावरचा अरुंद पूल, आणि पुलावर समोरून चढून येणारी ऊसतोड मजुरांची ट्रॉली. राजूनं एकदा ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्यांदा दाबला, अर्धा लागला. तिसऱ्यांदा पायाखाली दगड. त्यानं दोन्ही पायांनी ब्रेकवर उभं राहून ओरडायला सुरुवात केली. ट्रॉलीवर बायामाणसं होती, ती सगळी किंचाळत होती. राजूनं गाडी डावीकडे घातली. डावी बाजू पुलाच्या कठड्यावर आपटली आणि कठडा कॅबिनमध्ये घुसला. मागची पोती उडून काचेवर आली. विजयमालाबाई त्या बाजूला बसल्या होत्या. पत्रा कापून त्यांना बाहेर काढायला दीड तास लागला. तेवढा वेळ त्या शुद्धीवर होत्या. उजवा पाय वाचला, डावा गुडघ्यापासून लोंबत होता. अकोल्याला नेईपर्यंत त्यानं रंग बदलला आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी तो कापला.

राजूच्या कपाळाला सहा टाके पडले. कसं झालं, असं ज्यानं त्यानं विचारलं, त्याला तो एकच सांगत होता, "ब्रेक फेल. त्या रिठदच्या मिस्त्र्यानं डूख धरून पाइप कापला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास प्रसेनजित एका जुन्या जीपवर वाकलेला होता. तीन मोटरसायकली आणि एक कार येऊन थांबली. सात जण उतरले. कपाळाला पट्टी बांधलेला राजू पुढं, त्याच्या बाजूला त्याचा चुलतभाऊ बबलू, हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"माह्या मायचा पाय कापला," राजू म्हणाला. आवाज फाटला होता. "कापला तिचा पाय. तू कापला."

प्रसेनजितला अपघाताचं ठाऊकच नव्हतं. "काय झालं? कोनाचा पाय?" असं तो म्हणेपर्यंत बबलूचा दांडा त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा मानेवर. खाली वाकून राहायचं, हे सहा वर्षांचं व्रत तिथं मोडलं. हाताला बत्तीसचा पाना लागला आणि त्यानं तो आडवा फिरवला. बबलूच्या गळ्याच्या हाडाचा आवाज टपरीपर्यंत गेला. बबलू खाली बसला आणि बसल्या बसल्या ओकला.

मग बाकीचे सहा जण एकदम आले. लोखंडी रॉड, साखळी, एकाच्या हातात गॅरेजमधलाच जॅकचा दांडा. प्रसेनजित पडला. पाठीवर, बरगड्यांवर, मांड्यांवर मार बसत होता आणि मारणारे जातीच्या नावानं शिव्या देत होते. एकानं कॉम्प्रेसरवर घाव घातला, दुसऱ्यानं हत्यारांची पेटी रस्त्यावर भिरकावली. कुणीतरी डिझेलचा कॅन लाथेनं उलटा केला. चेहरा झाकायला प्रसेनजितनं हात वर केला, तेव्हा दोघांनी तो हात धरला.

"याच हातानं केलं ना?" राजू म्हणाला. "ठेव इथी."

जीपचं बॉनेट जाड पत्र्याचं, जुन्या काळातलं. त्यांनी त्याचा उजवा हात काठावर ठेवला आणि बॉनेट आपटलं. प्रसेनजित ओरडला. पुन्हा उचललं आणि पुन्हा आपटलं. तिसऱ्या वेळी तो ओरडला नाही.

सपना वस्तीतून धावत आली, तेव्हा तिला हे दिसलं. तिनं रस्त्यात पडलेली टायर काढायची पट्टी उचलली आणि समोर पाठ करून उभ्या असलेल्याच्या गुडघ्यामागं मारली. तो कोसळला. दुसऱ्यानं तिला केसांनी धरून ग्राइंडरच्या टेबलावर ढकललं. समोरचे दोन दात तिथंच पडले. तोंडातून रक्त गळत असताना ती टपरीकडे तोंड करून ओरडली, "पाह्यत काय राह्यले रे? माणूस मारून राह्यले, माणूस!"

टपरीवर नऊ जण होते. एकानं मोबाइल वर धरला होता. बाकीच्यांनी काही धरलं नव्हतं.

सात जण निघून गेले, तेव्हा वस्तीतले लोक आले. प्रसेनजितला वाशीमला नेलं. चार बरगड्या, मनगट, उजव्या हाताची तीन बोटं. डॉक्टरनं हाताकडे पाहून विचारलं, काय काम करता? सपनानं ओढणी तोंडावर धरून सांगितलं, "मिस्त्री हायेत." डॉक्टर एक्स-रेकडे वळला.

ठाण्यात दोन कागद झाले. एकात प्रसेनजितनं जाणूनबुजून ब्रेक बिघडवल्याची तक्रार, कारण म्हणून टपरीसमोरचं भांडण, फिर्यादी जानराव; राजूनं कागद अकोल्याला नेऊन त्यांची सही आणली होती. दुसऱ्यात गॅरेजवर झालेली मारहाण, साधी, किरकोळ कलमं, आणि तीही मोबाइलमधला व्हिडिओ वस्तीतल्या पोरांनी गावोगाव फिरवला म्हणून. जातीवरून शिव्या दिल्या, हे सपनानं तीन वेळा सांगितलं. लिहिणारा तीन वेळा पुढच्या ओळीवर गेला. सातही जण त्याच संध्याकाळी घरी होते. बबलूच्या मोडलेल्या हाडाचा तिसरा कागद प्रसेनजितच्या नावानं झाला.

दवाखान्यात पडल्या पडल्या प्रसेनजित एकाच गोष्टीचा विचार करत होता. राजूला कसं मारायचं. कुठं गाठायचं, पहिला घाव कुठं घालायचा, पडल्यावर काय करायचं, सगळं त्यानं बारीकसारीक ठरवून टाकलं होतं. डाव्या हातानं जमेल का, याचा विचार तो इतका करी, की चादरीखाली डावी मूठ आवळून आवळून दुखायला लागे. सपनाला ते कळत होतं.

"मंग त्या गाडीचं काय?" ती एका दुपारी म्हणाली. "तुमी पाइप कापला का?"

"तू मले इचारते?"

"मी नाई इचारत. सारा जिल्हा इचारून राह्यला. तुमी जाऊन त्याले मारसान, मंग कापलाच म्हनतीन."

बाराव्या दिवशी आरटीओचे इन्स्पेक्टर ठाण्याच्या आवारात गाडी तपासायला येणार होते. प्रसेनजितनं डॉक्टरशी भांडून तीन तासांची सुटी घेतली. सपनानं मोडलेल्या गॅरेजमधून शोधून गेज आणला होता. काचेला तडा गेला होता, काटा ठीक होता.

आवारात लिंबाखाली पिकअप उभी होती. डावी बाजू आत गेलेली, सीटवर काळं पडलेलं रक्त, माशा. जानराव एका बाजूला उभे होते, दाढी वाढलेली. बारा दिवस ते अकोल्यात बायकोच्या उशाशी होते, त्याच सकाळी आले होते. राजू आणि आणखी दोघं गेटजवळ. प्रसेनजितला रिक्षातून उतरवलं, तेव्हा राजू हसला, किंवा प्रसेनजितला तसं वाटलं.

इन्स्पेक्टरनं ब्रेक दाबून पाहिला, खाली वाकून पाहिलं आणि लिहायला घेतलं. प्रसेनजित पुढं झाला.

"साहेब, असं नाई समजनार. इंजिन चालू करून व्हॅक्यूम मोजा लागंन."

"तुम्ही आरोपी आहात. तुम्हाला मी गाडीला हात लावू देऊ शकत नाही."

"मी हात लावतच नाई. हात राह्यलाच कुठी?" त्यानं प्लास्टरमधला हात दाखवला. "जानरावभाऊले लावू द्या. ते जुने टॅक्टरवाले हायेत. त्यांनी सोता पाहावं."

सगळे जानरावांकडे पाहू लागले.  जानराव पुढं आले आणि त्यांनी सपनाच्या हातातला गेज घेतला. घेताना त्यांची नजर तिच्या तोंडातल्या रिकाम्या जागेवर गेली आणि खाली वळली.

"रेडिएटर फुटेल हाय," प्रसेनजित म्हणाला. "दोन मिनिटाच्या वर इंजिन चालवू नका. बूस्टरचा जाड पाइप मधून सोडवा. गेज मधात जोडा. आवळा. आता मारा सेल्फ."

बटन कुठं आहे, ते इन्स्पेक्टरनं आधीच लिहून घेतलं होतं. चारवर. जानरावांनी ते दोनवर आणलं आणि चावी फिरवली. इंजिन खडखडत सुरू झालं. काटा थरथरत एकवीसला गेला.

"एकवीस," इन्स्पेक्टर म्हणाला. "हे तर ठीकच आहे."

"आता बटन चारवर करा, भाऊ."

जानरावांनी बटन फिरवलं. काटा पडायला लागला. अठरा, चौदा, दहा. सातच्या खाली जाऊन तो तिथंच डुगडुगत राहिला. जानरावांनी पाय आत घालून ब्रेक दाबला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांचा पाय वरच राहिला. साठीला आलेला, ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेला माणूस ब्रेकवर सगळा भार टाकून दात ओठ खात होता आणि ब्रेक हलत नव्हता.

"बंद करा इंजिन," प्रसेनजित म्हणाला. "आता टीपाशी पाह्या. बारीक पाइप मी टीवरून काढून त्याच्यात बोल्ट घातला होता. टीचं तोंड बंद केलं होतं. वरून पांढरी टेप. कुठी हाय बोल्ट?"

जानराव वाकले. बारीक पाइप टीवर चढवलेला होता. बोल्ट नव्हता.

"धडकेत झालं असंन," गेटजवळून राजू ओरडला. "धडकेत निघाला असंन तो!"

"धडकेनं पाइप निघून येईन," प्रसेनजित म्हणाला, "चढून नाई बसत. अन् क्लिप? धडकेनं क्लिप आवळली का?"

इन्स्पेक्टरनं चष्मा वर करून आत डोकं घातलं. क्लिप आवळूनही पाइप टीवर ढिला बसत असणार, म्हणून कुणीतरी प्रसेनजितचीच पांढरी टेप सोडवून जोडावर पुन्हा गुंडाळली होती, घाईघाईनं, सुरकुत्या पाडत. त्या टेपवर, जिथं अंगठ्यानं दाबतात तिथं, पिवळा ठसा होता. ओल्या हळदीचा. बाजूला बोटांचे दोन. आठवडाभर हळद काढणाऱ्याच्या हाताला जो रंग बसतो आणि साबणानं जात नाही, तो.

जानरावांनी आपला स्वतःचा हात उलटा करून पाहिला. मग वळून पोराच्या हातांकडे पाहिलं. राजूनं हात खिशात घातले.

"बाहीर काढ," जानराव म्हणाले.

"बाबा, मी फक्त..."

"बाहीर काढ हात."

"गाडी रुतली होती ना! मी काय करू मंग? मले काय माहीत असं होईन म्हनून!"

जानरावांनी गाडीच्या मागच्या हौद्यातला जॅकचा दांडा उचलला. ते धावले नाहीत. चालत गेले. पहिला फटका राजूच्या उजव्या कानावर बसला आणि तो जागच्या जागी बसला. दुसरा फटका त्यानं वर केलेल्या हातावर. तिसरा पाठीवर. सोबतचे दोघं गेटबाहेर पळाले.  शेतात ढेकळं फोडतात तशा एका लयीत जानराव मारत होते. राजू "बाबा, बाबा" करत धुळीत गोल फिरत होता आणि त्याच्या कानातून रक्त येत होतं.

प्रसेनजित चार पावलांवर उभा होता. फौजी होता, एका हातानंही म्हाताऱ्याला धरू शकला असता. नुसतं "भाऊ, बास" म्हणाला असता, तरी कदाचित जानराव थांबले असते. तो काही म्हणाला नाही. दवाखान्याच्या खाटेवर बारा दिवस जे घाव तो मनात घालत होता, ते त्याच्या डोळ्यांसमोर जसेच्या तसे पडत होते आणि त्याला बरं वाटत होतं. अंगातून गरम काहीतरी वर चढत होतं. आणखी, असं त्याला वाटत होतं. आणखी एक.

दोन शिपायांनी धावत येऊन जानरावांना मागून धरलं, तेव्हा दांडा पुन्हा वर गेलेला होता आणि राजू हलत नव्हता.

राजू वाचला. उजवा कान मात्र कायमचा गेला. जानरावांवर पोराला मारल्याचा गुन्हा लागला. त्यांनी सही करताना एवढंच विचारलं, "त्या मिस्त्र्याचा माह्याकून खोटा रिपोट झाला, तो वापस घेता येते का?"

तीन दिवसांनी विजयमालाबाईंचा जबाब झाला. जबाब घेणाऱ्याला त्या म्हणाल्या, "पोट्ट्यानं बॉनेट उघडून पाइप लावला, मी काचंतून पाह्यलं. बोल्ट त्यानं चिखलात फेकला. पह्यल्या दिवसापासून सांगनार होती. मले कोनी इचारलंच नाई." बोल्ट शोधायला शिपाई वावरात गेले, पण तोवर तिथं नांगर फिरला होता. तो कधीच सापडला नाही, तरी प्रसेनजितवरची ब्रेकची तक्रार बंद झाली. वस्तीतल्या लोकांनी जिल्ह्याच्या ठिकाणी मोर्चा नेला, टपरीवरच्या नऊतल्या एकानं शेवटी साक्ष दिली आणि मारहाणीच्या कागदावर अॅट्रॉसिटीचं कलम चढलं. राजू कानाला पट्टी असतानाच आत गेला. दोन महिन्यांनी जामिनावर सुटला.

ठाण्यातून परत आले त्या दिवशी प्रसेनजित जेवला नव्हता. सपनानं दोनदा ताट सरकवलं.

"म्हातारा मारून राह्यला होता," तो म्हणाला, "अन् मी पाह्यत राह्यलो. पोट्टं मरत होतं, सपना. मले मजा येऊन राह्यली होती."

सपनाला दात नसल्यानं अजून नीट बोलता येत नव्हतं. "पाह्यलं तं पाह्यलं," ती म्हणाली. "तुमच्या वक्ती सारा फाटा पाह्यत होता."

"म्हनूनच तं म्हनतो."

 ताट तिनं उचलून नेलं नाही.

गॅरेज चार महिन्यांनी उघडलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं वळत नाहीत. बारीक पेच, क्लिपा, जिथं चिमटीत धरावं लागतं ते काम आता सपना करते. आधी गिऱ्हाइकं हसली, मग सवय झाली. प्रसेनजित बाजूला उभा राहून सांगतो आणि तिला लवकर जमलं नाही की चिडतो. ती पाना खाली ठेवून त्याच्याकडे बघते, मग तो गप्प बसतो. टपरीवर तो चहा घेत नाही. टपरीवाल्यानं एकदोनदा ग्लास पाठवला, तो तसाच परत गेला.

दिवाळीआधी जानराव येऊन गेले, विजयमालाबाईंना घेऊन. त्या गाडीतून उतरल्या नाहीत, कुबड्या मागच्या सीटवर होत्या. काच खाली करून त्यांनी प्रसेनजितला जवळ बोलावलं.

"केस मागं घ्या, असं म्हनायले मले आनलं हाय," त्या म्हणाल्या. "म्हनीन असं कबूल करून आली. म्हनून झालं."

प्रसेनजितनं जानरावांकडे पाहिलं. जानराव रस्त्याच्या पलीकडे बघत होते.

"केस राहीन, बाई," प्रसेनजित म्हणाला. "तुमचा पाय गेला, त्याचं मले लय वाईट वाटते. पन केस राहीन."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या आणि काच वर केली.

वाशीमच्या कोर्टात तारखा पडतात. प्रसेनजित प्रत्येक तारखेला जातो, इस्त्रीचा शर्ट घालून, सपना सोबत असते. त्याच्यावरचा बबलूच्या हाडाचा खटलाही त्याच कोर्टात आहे. कधी कधी दोन्ही एकाच दिवशी लागतात आणि तो सकाळी फिर्यादी असतो, दुपारी आरोपी. व्हरांड्यात राजू आणि तो चारसहा हातांवर उभे असतात. प्रसेनजितला अजूनही त्याला पाहिलं की डाव्या हाताची मूठ आवळावीशी वाटते. तो ती खिशात घालतो.

मागच्या महिन्यात गर्दी फार होती. पुकारा झाला, दोघं एकामागं एक आत गेले. वकील दोन मिनिटं बोलले, न्यायाधीशांनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि पुढची फाइल ओढली. वकील दुसऱ्या कोर्टाकडे पळाले. राजू गोंधळून इकडंतिकडं बघत होता. त्याला ऐकू आलं नव्हतं. सवयीनं त्यानं डावा कान जवळच्या माणसाकडे केला.

"कोन्ती तारीख देली?"

जवळचा माणूस प्रसेनजित होता. राजूच्या लक्षात आलं, तेव्हा तोंडातून शब्द निघून गेले होते. तो मागं सरकला, पण मागं भिंत होती.

प्रसेनजितनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मान वळल्यामुळं उजव्या कानामागं जॅकच्या दांड्याचा पांढरा वण दिसत होता, त्याच्यावर केस उगवले नव्हते.

"अठरा," तो म्हणाला. मग ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यानं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं, "अठरा तारीख."

आणि सपना जिन्यापाशी थांबली होती, तिकडे तो चालत गेला.